विश्लेषण : सागाच्या खोडातील दुष्काळाची नोंद शिरूर-दौंडच्या गावांपर्यंत का पोहोचायला हवी?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील सतत टंचाईच्या छायेत असलेले तालुके. तिथल्या पावसाच्या मोजमापाचा इतिहास फार तर दीडशे वर्षांचा. त्याआधीच्या मोसमी पावसाचा माग सागाच्या खोडातील वलयांवरून काढण्याचे काम पुण्यातच झाले आहे. हे विज्ञान काय सांगते, काय सांगू शकत नाही आणि ते गावांपर्यंत नेणे गावकऱ्यांइतकेच संशोधकांच्याही फायद्याचे का आहे, याविषयी...

हा विषय महत्त्वाचा का?

राज्य सरकारने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात पुणे जिल्ह्यातील शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदर या पाच तालुक्यांचा समावेश होता. दुष्काळ ठरवताना पावसातील तूट, पिकांची स्थिती, भूजल आणि जमिनीतील ओलावा पाहिला जातो. यातली पावसाची तूट मोजायची तर आधी ‘सरासरी’ हवी. ती सरासरी किती वर्षांच्या नोंदींवरून काढली आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

आपल्याकडच्या नोंदी तशा अलीकडच्याच आहेत. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मधली. देशाच्या मोसमी पावसाची अभ्यासकांकडून वापरली जाणारी मालिका १८७१ पासूनची. गावाची आठवण त्याहूनही तोकडी असते. बोलण्यात १९७२चा दुष्काळ येतो, त्यामागे आजोबा-पणजोबांनी सांगितलेला छप्पन्नचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००चा. दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे राहिले ते याच काळात. १८९६-९७ आणि १९००च्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुली त्यांनी मध्य प्रांत आणि गुजरातमधून इथे आणल्या होत्या. पण १८७६च्या मागे गेले की ठोस आकडे जवळपास मिळत नाहीत.

सलग दोन-तीन वर्षे पाऊस फसणे हे दर पिढीला घडते की दर शंभर वर्षांनी? विहीर किती खोल घ्यायची, ऊस किती लावायचा, तलावात किती पाणी राखून ठेवायचे, हे सगळे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. आणि दीडशे वर्षांच्या नोंदी त्यासाठी अपुऱ्या पडतात.

झाडात पावसाची नोंद कशी होते?

सागाचे उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात साग पाने गाळतो आणि त्याची वाढ थांबते. पावसाळ्याच्या तोंडावर वाढ पुन्हा सुरू होते. या सुरुवातीच्या लाकडात मोठी छिद्रे असतात, ती नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. पुढे हंगाम सरत जातो तसे लाकूड घट्ट होते. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या छिद्रांची ओळ. अशा दोन ओळींमधले अंतर म्हणजे एका वर्षाची वाढ, म्हणजेच एक वलय.

ज्या ठिकाणी झाडाची वाढ पाण्यावाचून अडते, तिथे चांगल्या पावसाच्या वर्षी वलय रुंद होते आणि अवर्षणात अरुंद. उथळ मातीच्या उतारावरचे झाड म्हणूनच संशोधकांना मोलाचे वाटते. ओढ्याकाठच्या झाडाला पाण्याची कमतरता जाणवत नाही. त्याची वलये वर्षानुवर्षे सारखीच येतात, त्यामुळे ती दुष्काळाविषयी फारसे सांगत नाहीत.

यासाठी झाड तोडावे लागते का?

नाही. आतून पोकळ असलेला, हाताने फिरवायचा गिरमिटासारखा ड्रिल खोडात सालीपासून गाभ्याकडे नेतात. त्यातून पेन्सिलपेक्षाही बारीक, साधारण पाच मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी बाहेर येते. ती लाकडी पट्टीवर चिकटवतात, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका वलयाची रुंदी मोजतात. वनक्षेत्रात असे नमुने घेण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते.

खरे कसब पुढे आहे. नुसती वलये मोजून वर्ष ठरवता येत नाही. पावसाळ्यात मोठा खंड पडून पुन्हा पाऊस झाला, तर साग एकाच वर्षात दोन वलयांचा भास निर्माण करतो. अतिशय वाईट वर्षी वलय खोडाच्या एखाद्या बाजूला उमटतच नाही. म्हणून एकाच परिसरातील अनेक झाडांचे नमुने घेऊन त्यांतील रुंद-अरुंद वलयांचा क्रम जुळवला जातो. वीस झाडांत एकाच जागी अरुंद वलय सापडले आणि एकविसाव्यात ते नसले, तर चूक कुठे आहे ते कळते. या जुळवणीमुळे प्रत्येक वलयाला नेमके वर्ष देता येते.

पुण्यात कोणते संशोधन झाले?

पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, अर्थात आयआयटीएम, ही १९६२ मध्ये स्थापन झालेली संस्था मोसमी पावसाच्या अभ्यासासाठी ओळखली जाते. संस्थेचे माजी संचालक जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ठाणे परिसरातील सागाच्या वलयांचा तिथल्या हवामानाशी संबंध तपासला होता. त्याआधी हिमालयातील देवदारासारख्या थंड प्रदेशातील झाडांनाच या कामात महत्त्व होते. उष्ण प्रदेशातील झाडांत स्पष्ट वार्षिक वलये मिळत नाहीत, असा सर्वसाधारण समज होता. सागाने तो खोडून काढला.

याच संस्थेच्या गटाने २०१० मध्ये केरळच्या जंगलांतील सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका प्रसिद्ध केली. शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही जवळपास दीडशे वर्षे आधीपासूनची ही सलग वार्षिक नोंद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मोसमी पाऊस तुटीचा राहिलेल्या एल निनोच्या अनेक वर्षांत या सागाची वाढ खुंटलेली दिसते. त्याआधीच्या ज्ञात एल निनो वर्षांतही अशी अरुंद वलये सापडतात. मोजणी सुरू होण्यापूर्वीच्या काळातही एल निनो आणि कमजोर पाऊस यांचे नाते होते, याला त्यातून आधार मिळतो.

त्याच वर्षी एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी आशियातील तीनशेहून अधिक वलयमालिका एकत्र करून मोसमी प्रदेशाच्या गेल्या सातशे वर्षांतील दुष्काळांचे नकाशे तयार केले. १७९०च्या दशकातील आणि १८७६-७८ मधील मोठी अवर्षणे त्यात ठळकपणे दिसतात. १८७६-७८ म्हणजे दख्खनचा तोच महादुष्काळ, ज्याची झळ पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाला बसली होती.

केरळ किंवा घाटातल्या सागाचा शिरूर-दौंडशी काय संबंध?

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर इथे साधारण ५०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी. तरीही दोन्ही तालुक्यांच्या मोठ्या भागात ऊस उभा आहे. त्याला जगवणारे पाणी इथल्या पावसाचे नाही. दौंडला खडकवासल्याच्या कालव्यातून, तर शिरूरला चासकमान, घोड आणि कुकडी प्रकल्पांतून पाणी मिळते. म्हणजे या भागाला दोन पावसांचा हिशेब ठेवावा लागतो. जिरायत गावांसाठी महत्त्वाचा असतो शेतात पडणारा पाऊस आणि बागायत गावांसाठी घाटात पडणारा.

दोन्ही एकाच वर्षी फसणे हा सर्वात मोठा धोका. तो किती वेळा येतो, हे समजायला दोन्ही ठिकाणच्या दीर्घ नोंदी हव्यात. घाटाच्या पायथ्याच्या आणि कोरड्या उतारांवरच्या सागाची वलये म्हणूनच इथल्या शेतकऱ्यासाठी उपयोगाची ठरू शकतात.

याला एक मोठा संदर्भही आहे. घोड, कुकडी, मुळा-मुठा यांचे पाणी भीमेत जाते आणि भीमा कृष्णेला मिळते. कृष्णेच्या पाण्याचे राज्यांमध्ये वाटप करताना बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांतील प्रवाहाचा आधार घेतला. ७५ टक्के विश्वासार्हतेने २०६० टीएमसी पाणी गृहीत धरून त्यातले ५६० टीएमसी महाराष्ट्राला दिले. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांची मालिका वापरली. म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचे पाणी अर्धशतक ते पाऊण शतकाच्या नोंदींवर वाटले गेले. ही वर्षे नदीच्या दीर्घ इतिहासाचे प्रातिनिधिक चित्र दाखवतात की त्या मानाने अधिक ओली वा कोरडी होती, हे केवळ त्याच नोंदी पाहून सांगता येत नाही.

असे कुठे घडले आहे का?

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या खोऱ्यातील सात राज्यांमध्ये १९२२ मध्ये पाणीवाटपाचा करार झाला. त्या वेळी हाताशी असलेली आकडेवारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांची होती. १९७६ मध्ये चार्ल्स स्टॉकटन आणि गॉर्डन जेकोबी यांनी झाडांच्या वलयांवरून नदीचा काही शतकांचा प्रवाह मांडला. करारासाठी आधार धरलेली वर्षे नेमकी असाधारण ओली होती, असे त्यातून दिसले. नदीत सरासरी जितके पाणी येते, त्याहून जास्त पाणी कागदावर वाटले गेले होते. त्याचा ताण ती राज्ये आजही सोसत आहेत.

कृष्णा खोऱ्यातही तसेच झाले आहे, असा याचा अर्थ नाही. ते तपासण्याचे साधन मात्र उपलब्ध आहे.

गावातल्या वड-चिंचेवरून काही कळेल का?

इथे बऱ्याच जणांची निराशा होते. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली जुन्या चिंचांसाठी प्रसिद्ध आहे. गावोगावी पारावर वड-पिंपळ आहेत. पण वड-पिंपळात विश्वासार्ह वार्षिक वलये मिळत नाहीत. चिंचेचेही मोजणीच्या दृष्टीने फारसे वेगळे नाही. झाड जुने आहे म्हणून ते वाचता येते असे नाही.

बांधावर लावलेल्या सागाची अडचण वेगळी. त्यात वलये स्पष्ट असतात, पण त्या झाडाला पिकाबरोबर पाणी मिळालेले असते. त्याच्या वलयांत पावसाबरोबर विहिरीचे आणि कालव्याचे पाणीही मिसळलेले असते.

जुन्या वाड्यांची तुळई आणि खांब हा तिसरा स्रोत. त्यांत बहुतेकदा साग असतो आणि तो जिवंत झाडांपेक्षा जुना असू शकतो. मात्र शिरूरच्या वाड्यातली तुळई शिरूरच्या पावसाविषयी बोलत नाही. ते झाड ज्या जंगलात वाढले, तिथली नोंद तिच्यात असते. तिचे वर्ष ठरवायला त्या जंगलाची जुळणारी मालिकाही लागते. मग तिचा उपयोग काय? जिवंत झाडांची मालिका जिथे संपते, तिथून मागे जाण्यासाठी असेच जुने लाकूड लागते.

असे लाकूड झपाट्याने नाहीसे होत आहे. वाडे पाडले जातात, तुळया कापून त्यांचे फर्निचर होते. कापताना कडा तासल्या गेल्या की झाड कोणत्या वर्षी तोडले हे सांगणारी बाहेरची वलयेही जातात. वाडा पाडणाऱ्याला याची कल्पना नसते आणि संशोधकाला वाडा पडल्याचे कळत नाही.

लोकशिक्षणाने संशोधनाला काय मिळते?

याचे उत्तरही अमेरिकेतच मिळते. ए. ई. डग्लस हे खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरील डागांचा हवामानाशी संबंध शोधताना झाडांच्या वलयांकडे वळले. त्यांच्याकडे जिवंत झाडांची एक मालिका होती आणि प्राचीन वस्त्यांतील लाकडांची दुसरी, पण दोहोंमध्ये खंड होता. १९२९ मध्ये ॲरिझोनातील शो लो या गावात सापडलेल्या एका जळक्या ओंडक्याने तो खंड सांधला. तिथल्या अनेक प्राचीन वस्त्यांची नेमकी वर्षे त्यामुळे ठरली.

डग्लस यांनी १९३७ मध्ये टुसान येथील विद्यापीठात वृक्षवलयांची प्रयोगशाळा स्थापन केली. ती सात दशकांहून अधिक काळ फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षागॅलरीखाली होती. २०१३ मध्ये तिला स्वतंत्र इमारत मिळाली. आज तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक शाळकरी मुलांना आणि पर्यटकांना संग्रह दाखवतात आणि वलयांचे क्रम जुळवण्याचा सराव करून घेतात. अशी मुले पुढे शास्त्रज्ञ होतीलच असे नाही. पण घर पाडताना निघालेला जुना ओंडका फेकण्याआधी ती एकदा विचार करतील.

शिरूर-दौंडमध्ये विज्ञानाची अशी परंपरा आहे का?

आहे, आणि ती जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातील शेतकरी वस्ती तिथे उजेडात आली. पाणी वळवण्यासाठी केलेला बांध आणि चारीही सापडली. म. के. ढवळीकर यांनी वस्तीच्या अखेरच्या टप्प्यातील उतरत्या कळेचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. इनामगावचा काळ रेडिओकार्बन पद्धतीने ठरला आणि ही पद्धत अचूक करण्यासाठी जगभर वर्ष माहीत असलेल्या झाडांच्या वलयांचाच आधार घेतला जातो. म्हणजे घोडकाठच्या या इतिहासाचे कालमापनही शेवटी झाडांच्या वलयांशी जोडलेले आहे.

याच तालुक्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हा त्याचा पाया. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे. तिथे दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान प्रदर्शन भरते आणि ग्रामीण शाळांतील मुले स्वतःचे प्रयोग घेऊन येतात. मोठ्या प्रयोगशाळेने गावाला वर्षातून एकदा दार उघडले तर काय होते, याचा हा जवळचाच नमुना आहे.

शाळेत प्रत्यक्ष काय करता येईल?

फार खर्च नाही. लाकडाच्या वखारीतून सागाच्या ओंडक्याची कापून टाकलेली चकती मिळू शकते. जाड ते बारीक अशा क्रमाने पॉलिश पेपरने घासली की वलये दिसू लागतात. मोबाइलने जवळून फोटो घेऊन ती मोठी करून पाहता येतात. सालीकडून आत मोजत कागदाच्या पट्टीवर प्रत्येक अरुंद वलयाशी रेघ ओढायची. दोन-तीन चकत्यांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की रेघा जुळतात का, ते मुलांना स्वतःच दिसते.

त्यानंतर महसूल मंडळाची पावसाची नोंद घेऊन तुलना करायची. रेघ जुळली तर आनंदच. नाही जुळली तर का, हा अधिक चांगला धडा. झाडाला ठिबक होते का? ते कालव्याशेजारी होते का? की मधल्या खंडामुळे खोटे वलय आले? जिवंत झाडाला मात्र शाळेने छिद्र पाडू नये. ते काम प्रशिक्षितांचे आणि परवानगीचे.

ग्रामपंचायतीही हातभार लावू शकतात. वाडा किंवा जुने मंदिर उतरवताना निघणाऱ्या तुळईच्या टोकाची, शक्यतो बाहेरची कड शाबूत असलेली, चार-पाच सेंटिमीटर जाडीची चकती जपून ठेवायची. तिच्यावर गावाचे नाव, वास्तूचे बांधकाम वर्ष माहीत असल्यास ते आणि लाकूड कुठे बसवले होते एवढे लिहिले, तरी ती नमुना म्हणून उपयोगी पडू शकते. संस्थांनी असे नमुने स्वीकारण्याची सोपी सोय केली, तर हे काम सुरू होऊ शकते.

वृक्षतोडीच्या कायद्याशी याचा संबंध काय?

शहरी भागातील वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात राज्याने २०२१ मध्ये बदल केले. ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’ मानले गेले. झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूदही झाली. हा कायदा नगरपरिषदांनाही लागू आहे. त्यामुळे शिरूर आणि दौंड शहरांत झाडाचे वय किती, हा आता कायदेशीर प्रश्न आहे. रस्ता रुंदीकरणात सागासारखे झाड गेले, तर कापलेल्या बुंध्यावरून सांगितलेले वय पडताळता येते. वड-पिंपळाबाबत तसे करता येत नाही, तिथे जुने फोटो, महसुली कागदपत्रे आणि जाणकारांची साक्ष यांवरच विसंबावे लागते. हा फरक नागरिकांना माहीत असेल, तर वृक्ष प्राधिकरणापुढे त्यांची हरकत अधिक भक्कम होईल.

मर्यादा कोणत्या?

वलये पुढच्या वर्षीचा पाऊस सांगत नाहीत. एका गावाच्या पावसाचा मिलिमीटरमधला आकडाही त्यांच्याकडे नसतो. झाडाच्या वाढीवर तापमान, कीड, वणवा, शेजारच्या झाडांची सावली यांचाही परिणाम होतो. म्हणूनच अनेक झाडे आणि अनेक ठिकाणे लागतात. वलयांतून मिळते ती शक्यतांची जाण : किती वर्षांत किती वेळा पाऊस फसतो आणि अशी वर्षे एकापाठोपाठ येतात का.

पण जलयुक्त शिवाराचा आराखडा असो, गावाचा पाण्याचा ताळेबंद असो की कालव्याच्या आवर्तनावरून होणारा वाद, याच जाणिवेची उणीव भासते. चर्चा गेल्या दोन-तीन वर्षांच्या पावसाभोवती फिरत राहते. हे ज्ञान पाषाणहून शिरूर-दौंडला आणणे फार अवघड नाही. घाई आहे ती दुसऱ्या बाजूने. शोधनिबंध उद्याही वाचता येतील, पण वखारीत चिरली गेलेली तुळई परत मिळणार नाही.